कोपऱ्यातला दगड

"आणि इथला दगड कुठं गेला?"

फोटो पाठवून दोन मिनिटंही झाली नसतील, तर अण्णांचा फोन. छान आलाय नाही, रंग काय सुंदर नाही, थेट दगड. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते, सकाळचे साडेआठ, म्हणजे तिकडे राजूरला संध्याकाळचे सहा. ते ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल नाकाशी धरून फोटो बघत असणार. "कुठला दगड अण्णा?" मी विचारलं. "खाली उजव्या कोपऱ्यात. कठड्यालगत. तिथं एक दगड होता." मी म्हटलं, "अंधारात आला नसेल." त्यावर ते म्हणाले, "अंधार कुठं होता? एवढे दिवे होते की." मग जरा थांबले, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दगड फोटोत आला होता. मीच तो काढून टाकला होता.

तसं त्यात काही पाप नाही. रात्रीच्या नायगाऱ्याचा फोटो; घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो अख्खा कडा निळ्या-जांभळ्या उजेडात, वर तुषारांचा ढग, खाली काळोख. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं पाणी कड्याकडे येतं तिथं, भिंतीला लागून एक काळा ठिपका. पडद्यावर धूळ बसल्यासारखा. नजर सारखी तिकडेच जायची. मी ब्रश घेतला, ठिपक्यावरून एकदा फिरवला, सॉफ्टवेअरनं शेजारचं दुधाळ पाणी आणून तिथं भरलं. चार सेकंदांचं काम. काढल्यावर फोटो मोकळा झाला असंही वाटलं. तीस-चाळीस जणांनी बदाम दिले, एका मैत्रिणीनं "कॅलेंडरला दे" म्हटलं. दगडाची आठवण फक्त एका माणसाला झाली, आणि त्या माणसाला त्या रात्री मी तीनदा गप्प केलं होतं.

आई-अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. त्यात १५ ऑगस्ट आला. त्या रात्री नायगाऱ्यावर तिरंगा पाडतात, असं इथल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर दर वर्षी फिरत असतं, त्यामुळे दुपारीच निघालो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, ट्रायपॉड अण्णांच्या मांडीवर. गाडीत त्यांनी त्याचे पाय दोनदा उघडून, खिट्ट्या लावून पाहिले. "आमचं लेव्हलचं स्टँड असंच होतं, फक्त लाकडी," म्हणाले. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि जवळजवळ सगळी नोकरी भंडारदऱ्यावर. धरणाची पातळी वाचायची, पाऊस मोजायचा, किती पाणी सोडलं ते वहीत चढवायचं. खातं सुटलं तरी वही सुटलेली नाही. खिशात विमा कंपनीची छोटी डायरी असते आणि मनगटावर जुनं एचएमटीचं घड्याळ. टोरंटोच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या, आम्ही बॅगा शोधत असताना, ते भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहून आपलं घड्याळ साडेनऊ तास मागं घेत होते. सेकंदकाटा बाराशी येईपर्यंत चावी ओढून धरली होती. मला तेव्हा थोडी लाजच वाटली, मागं लोक खोळंबले होते.

तिरंगा झाला. ठरलेली पंधरा मिनिटं. कठड्याला चिकटून आपलेच लोक, पंजाबी, गुजराती, तेलुगू, खांद्यावर पोरं, पोरांच्या हातात कागदी झेंडे, कुणीतरी वंदे मातरम सुरू केलं ते दुसऱ्या कडव्याशी नेहमीसारखं पातळ झालं. छातीत काही हललं नाही म्हणणं खोटं ठरेल. पण त्याच वेळी माझा जीव केशरी रंगात अडकला होता. हे एलईडी दिवे लाल आणि हिरवा मिसळून केशरी करतात, डोळ्याला ठीक दिसतं, पण कॅमेऱ्यात तो कधी नारिंगी तर कधी विटकरी. आई म्हणाली, "हा तर गाजरहलव्याचा रंग झाला." मधला पांढरा पांढराच राहावा म्हणून व्हाइट बॅलन्स फिरवला तर हिरवा मोरपंखी व्हायला लागला. पंधरातली नऊ मिनिटं यातच गेली. अण्णा कोयनेचं काढून बसले. कोयनेच्या दरवाज्यांतून सुटणाऱ्या पाण्यावरही हल्ली १५ ऑगस्टला तिरंगी दिवे सोडतात, त्याचे व्हिडिओ त्यांना दर वर्षी चार ग्रुपांवरून येतात. "पण ते पाणी सोडलेलं असतं," ते म्हणाले, "हे आपलं आपण पडतंय." हे वाक्य तासाभरात त्यांनाच मागं घ्यावं लागणार होतं.

दिवे कधीपासून लावतात, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी फोनवर शोधून वाचून दाखवलं. पहिल्यांदा १८६०, इंग्लंडचा युवराज आला होता म्हणून. तेव्हा वीज नव्हती, कड्याच्या मागंपुढं रंगीत दारू जाळली होती. विजेचा उजेड पहिल्यांदा पडला १८७९ मध्ये. रोजचं कायमचं काम १९२५ पासून, त्यासाठी एक मंडळच नेमलं आणि चोवीस मोठे कार्बनचे दिवे बसवले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद होते. एलईडी २०१६ च्या डिसेंबरात. अण्णांनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्याच्या आधी रात्री कुणी बघायचंच नाही?" मी म्हटलं, "चांदण्यात बघत असतील." ते म्हणाले, "आवाज तर येत असेलच."

दहाला शोभेची दारू उडाली. ती संपली तशी गर्दी पांगली, मुलं झोपाळली, आईला गुडघ्यामुळं बाकावर बसवून तिच्याभोवती शाल गुंडाळली, नवरा कॉफी आणायला गेला. आणि खरी फोटोची वेळ झाली. कॅनडाच्या काठावर टेबल रॉक म्हणतात त्या जागेपाशी अगदी कड्याजवळ जाता येतं. कठड्यापलीकडे हिरवं, जाड, काचेसारखं पाणी वळतं आणि नाहीसं होतं. ही जागा फोटोसाठी जितकी सुंदर तितकीच छळवादी. वारा नदीवरून आपल्याकडे असला की खाली फुटलेलं पाणी तुषार होऊन उलटं वर येतं, पावसासारखं अंगावर पडतं, आणि लेन्सवर दर वीस सेकंदांनी थेंबांची चाळणी. मी एका हाताने फडकं लेन्सवर धरून ठेवायचे, वारा पडला की काढायचे, रिमोटचं बटण दाबायचे, पुन्हा झाकायचे. दिवे रंग बदलत राहतात. दोन सेकंदांचं एक्स्पोजर असेल आणि मध्येच निळ्याचा जांभळा झाला तर दोन्ही मिसळून शाईचं पाणी. त्यात निळ्या एलईडीची एक खोड आहे, कॅमेऱ्याचा आलेख सगळं आलबेल आहे म्हणतो आणि घरी येऊन बघावं तर निळा भाग जळून सपाट झालेला, त्यात पाण्याची एक रेघ नाही. लाल, हिरवा, निळा प्रत्येक वेगवेगळा तपासावा लागतो. हे सगळं एकटीनं, ओल्या बोटांनी, अंधारात करायचं.

आणि ट्रायपॉडच्या शेजारी, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, अण्णा.

"अण्णा, हात काढा ना, हादरतंय." त्यांनी हात काढले. थोड्या वेळानं, "अगं, पाणी उतरतंय." मी म्हटलं, "एक मिनिट, एक्स्पोजर चाललंय." जणू बोलल्यानं फोटो हलतो. त्यांनी एक मिनिट खरोखरच घड्याळात पाहून थांबल्यावर पुन्हा, "तो दगड बघ. मघाशी नव्हता. पाणी तोडलंय यांनी." मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरून मान वर न काढता म्हटलं, "अहो अण्णा, हा नायगारा आहे. तुमचं धरण नाही. इथं कोण पाणी तोडणार?" ते काही बोलले नाहीत. डायरी काढून मोबाइलच्या उजेडात काहीतरी लिहिलं आणि आईजवळ जाऊन बसले. पुढं मी आणखी पाचसहा फोटो काढले. त्यातलाच एक पुढं कॅलेंडरच्या लायकीचा ठरला.

मला रात्रीच्या धबधब्याची ओळख याच माणसानं करून दिली होती, हे त्या रात्री आठवलं नाही. लहानपणी आम्ही शेंडीला क्वार्टरमध्ये राहायचो. पावसाळ्यात घराच्या भिंती हाताला ओल्या लागायच्या, कपडे चुलीवर वाळवायचे, सगळ्या गोधड्यांना धुराचा वास. धरण भरत आलं की अण्णांची झोप उडायची. म्हणजे झोपायचे, पण कान उघडा. रात्री पाण्याचा आवाज जरा बदलला की ते उठून बसलेले असायचे. आम्हाला त्यात काही फरक कळायचा नाही. धरणातून पाणी सोडलं की पायथ्याशी ते एका गोल खडकावर आपटून छत्रीसारखं पसरतं, तो अम्ब्रेला फॉल आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. एकदा, मी तिसरीत असेन, ते रात्री मला इरल्यात गुंडाळून समोरच्या पुलावर घेऊन गेले. हातात चार सेलची बॅटरी. त्यांनी ती पाण्यावर मारली आणि मला धबधबा दिसला नाही. दिसला तो भाकरीएवढा एक गोल. त्या गोलात पाणी पांढरं, जाड, दोऱ्या दोऱ्या होऊन खाली जात होतं, आणि बाकीचं सगळं, वरचं, बाजूचं, नुसतं ऐकू येत होतं. त्यांनी गोल हळूहळू डावीकडे नेला. पाणी संपलं, ओला खडक आला, खडकावर शेवाळ, शेवाळात एक बेडूक, उजेडानं थिजलेला. मग पुन्हा पाणी. "पाणी बघायचं तर कड बघायची," ते म्हणाले, "मध्ये काय, सगळं सारखंच. कडेला कळतं वाढलं का उतरलं." मला तेव्हा बेडूकच जास्त आवडला.

ती रीत माझ्या हातून कधी सुटली, सांगता येणार नाही. मी फोटो शिकले तेव्हा पहिली गोष्ट शिकले ती कडा स्वच्छ ठेवायची. फ्रेमच्या कडेला काही लुडबुडत असेल तर एकतर सरका, नाहीतर घरी जाऊन पुसा. दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी भंडारदऱ्याला काजव्यांचे फोटो काढायला गेले होते तेव्हा तर मी पन्नाससाठ फोटो एकावर एक रचून एक सादडा असा पेटवला होता की त्या झाडाखाली मी तीन तास उभी होते तरी तसा तो एक क्षणभरही दिसला नव्हता. अण्णांनी तो फोटो पाहून विचारलं होतं, "एवढे होते?" मी "हो" म्हटलं होतं. होतेच की, तीन तासांत मिळून.

तर दगडाचा फोन आला त्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी शोधलं. नायगाऱ्याचं पाणी खरंच तोडतात. चोरून नाही, करारानं. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात १९५० मध्ये करार झाला. पर्यटकांच्या मोसमात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान १,००,००० घनफूट पाणी पडलं पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात ५०,००० चाललं. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दिवस म्हणजे सकाळी आठ ते रात्री दहा. त्यानंतर, दिवे चालू असतानाच, पाणी निम्म्यावर. उरलेलं बोगद्यांतून दोन्ही देशांच्या वीजघरांकडे. कड्याच्या वरच्या अंगाला नदीत अर्ध्यावर गेलेला अठरा दरवाज्यांचा बांध आहे, तिथून पाण्याची पातळी सांभाळतात. तो बांध टेबल रॉकच्या थोडं वर, काठावरून दिसतो. आम्ही त्याच्या समोरून गाडीतून गेलो होतो आणि अण्णा म्हणाले होते, "ते दरवाजे दिसतात बघ." मी तेव्हा पार्किंग शोधत होते.

मी संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी फोन केला. एक दिवस तसाच गेला, कारण सांगायचं काय आणि कुठून, हे ठरत नव्हतं. शेवटी कराराचंच सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि कागद घेतला असावा, कारण मला पेनाच्या टोपणाचा आवाज आला. एक लाख क्युसेक. "भंडारदरा अकरा टीएमसी," ते पुटपुटले, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. मग बराच वेळ शांतता, मागं कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या. "सव्वा दिवस," म्हणाले. "काय सव्वा दिवस?" "भंडारदरा भरायला. दिवसाच्या पाण्यानं सव्वा दिवस. रात्रीच्यानं अडीच." आम्ही जून ते ऑगस्ट ज्याच्याकडे डोळे लावून बसायचो, ज्याच्या एकेका फुटासाठी पाथर्डी-श्रीरामपूरकडची माणसं फोन करायची... नाही, पाथर्डी नव्हे, त्यांनी लगेच मला दुरुस्त केलं, प्रवरेचं पाणी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं, एवढं तरी लक्षात ठेव. आवाजात कौतुक होतं की हेवा, कळलं नाही. थोडा हेवाच असावा. नंतर ते हसले. "म्हणजे पाणी तोडून वीज करायची आणि त्या विजेनं उरलेलं पाणी दाखवायचं. चांगलंय." आईचा मागून आवाज आला, "तुम्हाला तिथंही धरणच दिसलं."

"तुम्ही तेव्हा सांगत होतात," मी म्हटलं, "मी ऐकलं नाही." हे बोलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. त्यांनी त्यावर काहीच म्हटलं नाही, आमच्याकडे अशा गोष्टींना उत्तर देण्याची पद्धत नाही. त्यांनी विचारलं, "मग त्या दगडाचा फोटो नाहीच का?"

आहे, मी म्हटलं. होता. मी पुसला.

"पुसला म्हणजे?" मी समजावून सांगितलं, ब्रश, शेजारचं पाणी, चार सेकंद. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांना नवल वाटलं. कोरड्या जागेवर पाणी भरता येतं, तेही शेजारचंच, आणि कुणाला कळत नाही, यावर त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि मग खात्यातल्या कुठल्याशा जुन्या वहीची एक गोष्ट सांगितली, जिच्यात कुणीतरी असंच शेजारच्या आकड्यावरून आकडा भरला होता. ती मी इथं लिहीत नाही.

रात्री मी मूळ फायली उघडल्या. न सुधारलेल्या, जशा कॅमेऱ्यातून आल्या तशा. काळपट, एका बाजूला किंचित कललेल्या, लेन्सवरचे थेंब दिव्यांमुळं काजव्यांसारखे फुगलेले. ट्रायपॉड हलवला नव्हता, त्यामुळं सगळ्या एकाच जागेवरून. सगळ्या ओळीनं लावल्या आणि फक्त खालचा उजवा कोपरा मोठा करून बघत गेले. पहिल्या फोटोत दगड नाही. पाण्याला तिथं नुसता एक फुगवटा आहे, पांघरुणाखाली कुणी गुडघा वर घ्यावा तसा. पुढच्या दोनतीन फोटोंत फुगवटा टोकदार होत जातो. मग त्याच्या माथ्यावर एक काळी रेघ, नखाएवढी. मग रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाणी फाकलेलं. आणि मग दगड, पुरता, ओला, एका अंगावर जांभळा उजेड आणि दुसरं अंग काळं. मधला तो अख्खा प्रसिद्ध धबधबा पहिल्या फोटोत आणि शेवटच्या फोटोत मला सारखाच दिसतो. अजूनही दिसतो. कितीतरी वेळ एकाआड एक लावून पाहिला.

काळी रेघ पहिल्यांदा येते तो फोटो मी अण्णांना पाठवला. काही न करता, कलता होता तसाच. खाली लिहिलं, "हा घ्या तुमचा दगड. वेळ १०:४१."

तिकडे सकाळ झाली तसं त्यांचं उत्तर आलं. त्यांनी फोटोबद्दल काही लिहिलं नव्हतं. डायरीच्या पानाचा फोटो काढून पाठवला होता, निळ्या शाईत, खात्यातल्या त्याच बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: "नायगारा. दगड उघडा पडला. रात्रौ १०:३५." आणि त्याखाली टाइप केलेलं एकच वाक्य, "सहा मिनिटं फरक येतो, कॅमेऱ्याचं घड्याळ बघून घे."

मी कॅमेरा चालू केला, फोन शेजारी ठेवला. कॅमेरा सहा मिनिटं पुढं होता.